न अडवणारा गेम

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी म्हणायला नको की बाई स्वतःची बाजू सावरून सांगते. डोकं तापलं की मला घाई सुटते, आणि घाई सुटली की हातून नको ते होतं. या घाईपायी मी असिस्टंट स्टेशन मास्तरच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा बसायची परवानगी मिळाली ती शेवटची म्हणूनच मिळाली, आणि मधे दिवस होते तेवीस.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या मे महिन्यातली. माझा नवरा संदीप रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर होता. आदल्या वर्षी जानेवारीत ड्यूटीला निघाला आणि त्याची मोटारसायकल रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. त्यातच तो गेला. आमच्या देवळाली प्रवऱ्याकडं गळीत हंगामात अशा ट्रॉल्या रस्त्याकडेला असतातच, त्याचं कुणाला नवल राहिलेलं नाही. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळं अनुकंपा म्हणून मला त्याच जागेची नोकरी मिळू शकत होती. पण ती धाकट्या दिरालाही, सम्राटलाही, मिळू शकत होती. सगळी भावकी एका सुरात सांगायला लागली, नोकरी पोराला द्या. सून काय, उद्या दुसरं घर करील, नोकरी घेऊन चालती होईल आणि तुम्ही बसा हात चोळत.

सासूबाईंनी, म्हणजे बनाबाईंनी, सगळ्यांचं ऐकून घेतलं, राहुरीला तहसील कचेरीत गेल्या आणि माझ्या नावाच्या संमतीच्या कागदावर अंगठा उठवून आल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सासूला आम्ही आत्या म्हणतो. आत्यांचं नि माझं बोलणं कामापुरतं असायचं, पाणी आलं का, पूजा, म्हणजे माझी लेक, जेवली का, एवढंच. मी मनात एकच गाठ मारली होती. पास व्हायचं, नोकरी करायची, आणि याच घरात राहून भावकीच्या तोंडाला कुलूप लावायचं.

लेखी पेपर मला कधी जड गेला नाही. अडायचं ते मॉडेल रूममध्ये. ट्रेनिंग स्कूलमध्ये एका लांबलचक टेबलावर छोटे रूळ, छोटी स्टेशनं, छोटे सिग्नल मांडलेले असतात आणि प्रत्येक उमेदवाराला एकेक स्टेशन सांभाळायला देतात. आपल्याकडच्यासारखी एकेरी लाइन, जाणारी गाडी आणि येणारी गाडी त्याच रुळावर. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला फोन लावून विचारायचं, लाइन मोकळी आहे का. त्यानं हो म्हणताना सोबत दोन आकडी नंबर द्यायचा. हे नंबर त्याच्याजवळच्या गुप्त कागदावर असतात, एकदा वापरला की खोडून टाकायचा. आपण तो मोठ्यानं परत म्हणायचा, वहीत लिहायचा आणि मगच गाडी हलवायची. नंबर नाही तर गाडी नाही, शेंबडं पोरही पाठ म्हणेल. पण दोन्ही वेळा परीक्षक साहेब माझ्या मागं येऊन उभे राहिले. मॅडम, झेलम एक्सप्रेस खोळंबलीय, मॅडम, वरून फोन आलाय, मॅडम, झोपलात का. दोन्ही वेळा माझं डोकं फिरलं आणि मी नंबर न घेता गाडी सोडली. टेबलावर दोन चिमुकल्या गाड्या समोरासमोर येऊन थांबल्या, आणि सगळ्या वर्गानं ते पाहिलं.

गावात राधाकृष्ण सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सर आधी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. ती नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले, त्यातला एक रंगीत. शिकवण्यापेक्षा सरांना गेमची गोडी जास्त, आणि गेममध्येही रेल्वेचे लाडके. पुण्याचा भाचा त्यांना ते फ्लॉप्यांवर भरून आणून द्यायचा. माझी रडकथा सम्राटनं त्यांच्या कानावर घातली. ज्याच्या तोंडची नोकरी मी घेतली, तोच माझ्यासाठी शब्द टाकायला गेला, हे मला फार नंतर कळलं. सरांचा निरोप आला, दुपारी दोन ते तीन क्लास रिकामा असतो, या, माझ्याकडं एक सोडून दोन रेल्वे आहेत.

पण रंगीत कॉम्प्युटरच्या पोटात एका वेळी एकच गेम मावायचा, कारण क्लासचं बाकीचं सामानही त्यातच. दुसरा भरायचा तर पहिला पुसायचा. सर म्हणाले, दोन्ही बघा आणि ठरवा, रोज अदलाबदल जमणार नाही.

पहिला गेम पैशाचा. तुम्ही रेल्वेचे मालक. रूळ टाका, स्टेशनं बांधा, गाड्या विकत घ्या, कोळसा न्या, माणसं न्या, वेळेत पोचवली की पैसे खणखणत जमा. सरांनी कौतुकानं चालवून दाखवला. बघता बघता एकाच रुळावरून दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि एकमेकींच्या अंगातून आरपार निघून गेल्या. दोन्ही आपापल्या गावाला पोचल्या, पैसेही जमा झाले. मी सरांना विचारलं, हे काय. सर ओशाळून म्हणाले, त्याचं काय आहे, यात टक्कर धरलेली नाही, हा धंद्याचा गेम आहे. मी म्हटलं, सर, हा पुसा.

दुसरा सिग्नलचा. काळ्या पडद्यावर रेषाच रेषा, लाल-हिरवे ठिपके, कोपऱ्यात घड्याळ. कुठली गाडी कुठं थांबवायची, कुठली आधी काढायची, एवढंच काम. आणि चुकीची गाडी सोडायला गेलं की कॉम्प्युटर पीं करायचा, लाल पट्टी दाखवायचा आणि गाडी जागची हलू द्यायचा नाही. शेवटी शंभरापैकी मार्क. माझ्यासाठी हाच, याबद्दल कुणाला शंका नव्हती. सरांना नाही, सम्राटला नाही, मला तर मुळीच नाही.

आठ दिवस मी तो खेळले. पहिल्या दिवशी बासष्ट मार्क, आठव्या दिवशी अठ्ठ्याण्णव. सर म्हणाले, आता परीक्षकच तुमच्याकडं शिकायला येतील. मला अंगावर मूठभर मांस चढलं.

नवव्या दिवशी पूजानं आईचा गेम बघायचा हट्ट धरला, म्हणून आत्या तिला घेऊन आल्या. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. आमच्या बौद्ध वस्तीतली त्यांच्या वयाची बाई त्या आळीतल्या घरात अशी सहज आत जात नसे, आणि कुणी ये म्हणत नसे. सरांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी, काही न बोलता माझ्या मागं खुर्ची आणून ठेवली आणि पंख्याचं तोंड तिकडं फिरवलं. मग सगळ्यांना सारख्या कपात चहा आणला. मला ते घर त्या दिवसापासून आपलं वाटायला लागलं, खोटं कशाला सांगू.

आत्या तासभर पडद्याकडं बघत बसल्या. परतताना पाटाच्या पुलावर म्हणाल्या, "ते पीं करतं तवा तू थांबतीस, व्हय ना?"

मी हो म्हटलं.

"मंग ठेसनात कोन पीं करनार हाय?"

झालं, माझं डोकं तापलं. मी फाडकन म्हटलं, तुम्हाला काय कळतंय त्यातलं. त्या पूजाचा हात धरून पुढं चालू लागल्या. पण घरी पोचेपर्यंत तो प्रश्न मला आतून कुरतडत होता. दुसऱ्या दिवशी मी खेळताना पाटीवर रेघा ओढत गेले, पीं झालं की एक रेघ. तासाभरात चौदा रेघा. म्हणजे चौदा वेळा मी चुकीची गाडी सोडली होती आणि चौदा वेळा मशीननं मला धरून ठेवलं होतं. मार्क आले सत्त्याण्णव. अडवलेल्या चुकीचे मार्क तो गेम कापतच नव्हता.

आत्यांना कळतंय काय, असं मी ज्यांना विचारलं, त्यांनी जन्म रेल्वेच्या फाटकावर काढला होता. माझे सासरे कोंडीराम गेटमन होते. स्टेशनातून फोनवर नंबर आला की ते दोन्ही हातांनी फाटकाचं चाक फिरवता फिरवता तो मोठ्यानं म्हणायचे आणि आत्या चुलीतल्या कोळशानं भिंतीवर लिहून ठेवायच्या. मग चाक सोडलं की सासरे भिंतीवरून वहीत उतरवायचे. आत्यांना एक अक्षर येत नाही, पण आकडे सगळे येतात, ते असे. हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी संदीपनं सांगितलं होतं आणि मी हसून सोडून दिलं होतं.

त्या संध्याकाळी मी चुलीपाशी जाऊन बसले आणि चौदा रेघांचं सांगितलं. चुकले, असं तोंडानं म्हणाले नाही, पण त्यांना कळलं. मग आम्ही दोघी बोलत बसलो, लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच इतका वेळ. मला औषध कशावर हवं होतं? माझ्या घाईवर. सिग्नलचा गेम मला घाई करू द्यायचा आणि वर सांभाळूनही घ्यायचा. पैशाच्या गेममध्ये उलटं. तिथं उशीर झाला की पैसे जातात, मिनिटामिनिटाला घाई, आणि चुकीची गाडी सोडली तर कुणी अडवत नाही. अडवायचं तर माझं मीच. आत्या म्हणाल्या, मग तोच घे, नंबर मी देते.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अठ्ठ्याण्णव मार्क सोडून ही बाई पोरखेळ मागतेय. शिवाय नऊ फ्लॉप्या पुन्हा भरायच्या, आणि त्यातली सातवी लई नाठाळ, चार वेळा काढून घालून तेव्हा चालायची. सर कुरकुरले, मला वेड्यात काढलं, आणि कुरकुरत कुरकुरतच सगळं भरून दिलं. फीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढू दिला नाही. माझ्या खाष्ट बोलण्याचा त्यांनी एकदाही राग धरला नाही, याची मला आज लाज वाटते, आणि ते उपकार मी विसरले नाही.

मग आमची रेल्वे सुरू झाली. मी गेममध्ये एकेरी रूळ टाकला आणि तीन स्टेशनं बांधली, राहुरी, टाकळीमिया आणि पढेगाव. मधलं टाकळीमिया माझं. आत्या दाराच्या पडद्याआड आतल्या खोलीत बसायच्या, त्या पढेगाव. झुंबरबाई स्वयंपाकघरात, त्या राहुरी. नंबरासाठी झुंबरबाईंनी त्यांची हौजीची, म्हणजे आकड्यांच्या सोंगट्यांची, पिशवी काढली. मी हाक मारून लाइन मागायची, मग त्यांच्यापैकी जिची लाइन असेल तिनं पिशवीतून सोंगटी काढून आकडा सांगायचा आणि सोंगटी बाजूला ठेवायची. मी आकडा परत म्हणायचा, वहीत लिहायचा, आणि तोवर बटण दाबून गाडी स्टेशनात धरून ठेवायची. सरांना काम दिलं घाई करायचं. ते त्यांनी इतकं मनापासून केलं की विचारू नका. मॅडम, झेलम खोळंबलीय. मॅडम, मिनिस्टर गाडीत आहेत. मॅडम, तुमची बदली करू का. एकदा तर टेबलावर हात आपटून चहा सांडला.

पहिल्या पाच दिवसांत मी रोज दोन-तीन गाड्या तशाच सोडल्या. त्या आरपार जायच्या, पैसे जमा व्हायचे, मी जीभ चावायची आणि पुढं चालू.

सहाव्या दिवशी, म्हणजे परीक्षेला आठ दिवस उरले असताना, उन्हानं जीव नको केला होता. पढेगावकडून गाडी निघालेली होती, ते मीच हाक मारून आत्यांना सांगितलं होतं. मी लाइन मागितली तर आत्या म्हणाल्या, थांब, माझी गाडी तुझ्याकडं अजून पोचली न्हाई. मी थांबले. सर मागून ओरडत होते. कोपऱ्यातले पैसे उतरत होते. मी पुन्हा मागितली, आत्यांनी पुन्हा थांब म्हटलं. माझी कानशिलं तापली आणि मी बटण सोडलं. गाडी निघाली, समोरून दुसरी आली, दोन्ही एकमेकींतून पार झाल्या. गेमला त्या दिवशी काय लहर आली कोण जाणे, प्रवासी वेळेत पोचवल्याबद्दल बक्षीस जाहीर झालं आणि बँडची धून वाजायला लागली. सरांनी सवयीनं टाळी वाजवली.

धून ऐकून आत्या बाहेर आल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्या वहीकडं बघितलं. वहीत नंबराची जागा रिकामी होती. त्या रागावल्या नाहीत. सरांना विचारलं, "ह्या गाडीत कितीक मान्सं हुती?"

सरांनी पडद्यावर वाचून सांगितलं, एकशे वीस.

"आन् त्या दुसरीत?"

सरांनी बघितलं, पण आकडा सांगितला नाही. धून वाजतच होती, ती बंद कशी करायची ते त्यांना सुचेना. आत्या परत आत जाऊन बसल्या. ज्या बाईनं पोटचा पोर रस्त्यावरच्या कुणाच्या तरी एका चुकीत गमावला, तिनं मला तो प्रश्न विचारला होता, आणि तोही हळू आवाजात. मी वहीवर डोकं टेकून रडले. सर उठून अंगणात गेले. मग मी तोंड धुऊन आले, गाडी स्टेशनात घेतली आणि हाक मारली, पढेगाव, लाइन मोकळी आहे का. आतून आवाज आला, मोकळी हाय, नंबर सत्तेचाळीस.

त्यानंतर मी एकही गाडी नंबराशिवाय सोडली नाही. सरांनी शंभर सोंगं केली. पैसे इतके बुडाले की गेमनं माझी रेल्वे तीनदा लिलावात काढली. सर हळहळायचे, मी आणि आत्या हसायचो.

परीक्षेला परीक्षक तेच होते. मी टेबलापाशी उभी राहिले तेव्हा त्यांनी मला ओळखलं आणि सुरुवातीपासूनच धारेवर धरलं. दोन गाड्या नीट गेल्या. तिसरीला त्यांनी पुढच्या स्टेशनच्या उमेदवाराकडून फोन स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाले, लाइन मोकळी आहे, सोडा. मी नंबर मागितला. ते म्हणाले, मी साहेब सांगतोय, नंबर नंतर देतो, गाडी आधी काढा. मी पुन्हा नंबर मागितला. ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, घड्याळ दाखवलं, ही तुमची शेवटची संधी आहे म्हणाले, मागच्या दोन वेळचं सगळ्यांसमोर काढलं. माझं डोकं तापलं होतं की नव्हतं? चांगलं तापलं होतं. पण हात टेबलाच्या कडेला घट्ट धरून होते आणि तोंडातून एकच वाक्य निघत होतं.

"साहेब, नंबर द्या."

चार मिनिटं असं चाललं. मग त्यांनी कागद बघून नंबर दिला. मी तो परत म्हटला, लिहिला, गाडी सोडली. साहेबांनी त्यांच्या वहीत काहीतरी टिपलं आणि दुसऱ्या उमेदवाराकडं वळले. संध्याकाळी यादी लागली, त्यात माझं नाव होतं. भारती संदीप, उत्तीर्ण.

घरी पोचले तर सम्राटनं आधीच वस्तीत पेढे वाटले होते. त्याला मी थेट विचारलं, तुझी नोकरी होती रे ही, तुला काहीच वाटलं नाही का. तो म्हणाला, वाटलं ना वहिनी, सहा महिने वाटलं, मग मी गॅरेज टाकलं, ते चालायला लागलं. सरांकडं गेले तर ते म्हणाले की श्रेय सातव्या फ्लॉपीचं. झुंबरबाईंनी मला जवळ घेतलं, अगदी पाठीवरून हात फिरवत. माणसं एवढं करतात आणि वर काही केलंच नाही असं दाखवतात, अशांचे आभार मानायचे तरी कसे?

आत्या घरात सूप पुढ्यात घेऊन शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एकदाचं बोलून टाकलं.

"आत्या, तुमच्यामुळं मी पास झाले. तुम्ही अंगठा दिला नसता तर परीक्षेचं तोंडही बघितलं नसतं. दीड वर्षात मी हे एकदा बोलले नाही. माझं चुकलं."

त्यांनी खडा वेचून बाजूला टाकला.

"अंगठा देताना मला वाटलं हुतं, तू जाशील. भावकी म्हनत हुती ते मला बी खरं वाटत हुतं. पंचविशीची पोर तू, तुझं वय ते काय. मी म्हनलं, जायची तर जाऊ दे. पन रिकाम्या हातानं नको जायला."

दीड वर्ष मी या बाईला दाखवून द्यायला झटत होते की मी हे घर सोडून जाणार नाही. आणि त्यांनी, मी जाणार असं धरूनच, पोराची नोकरी माझ्या हातात ठेवली होती.

मी डोळे पुसले. त्यांनी सूप अर्धं माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाल्या, नीट बघून निवड, पूजाच्या दाताखाली खडा यायला नको.